गळकऱ्याची खतावणी : प्रस्तावना

अरण्यातील पशूंची गणती करणाऱ्याला पाणवठ्यावर मचाण बांधून बसता येते, ओल्या मातीत उमटलेले ठसे मोजता येतात, अलीकडे तर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यावर रात्रीचा पहारा सोपवून स्वस्थ झोपताही येते. परंतु नदीच्या तळाशी, शिळांच्या आडोशाला, गढूळ आणि वेगवान पाण्यात जे जीव सारे आयुष्य कंठतात त्यांची मोजदाद करावयाची म्हटली की हे सर्व उपाय एकेक करून बाजूला ठेवावे लागतात. जाळे टाकावे तर ते खडकांत अडकून फाटते, आणि फाटले नाही तर ज्यांचे रक्षण व्हावे म्हणून हा सारा खटाटोप तेच मासे कल्ल्यांत धागा रुतून गुदमरतात. पाण्यात विजेचा प्रवाह सोडून माशांना क्षणभर बधिर करण्याची जी रीत युरोपातील ओढ्यांत व उथळ नद्यांत सर्रास चालते, ती दोन-तीन पुरुष खोलीच्या डोहात कुचकामी ठरते. शिवाय त्या डोहात मगरींची वस्ती असली तर कंबरभर पाण्यात उतरून प्रयोग करण्याचा उत्साहही शास्त्रज्ञापाशी फारसा उरत नाही. पावसाळ्यात तर नदी कोणालाच जवळ येऊ देत नाही.

यामुळे आपल्याकडील नद्यांतील माशांविषयीचे ज्ञान दीर्घकाळ याद्यांच्या स्वरूपात राहिले. मुंबई सरकारने दख्खनची आकडेवारी गोळा करण्यासाठी नेमलेला कर्नल साइक्स हा अंमलदार शेतसारा, पर्जन्यमान आणि लोकसंख्या यांचे तक्ते करता करता भीमेच्या खोऱ्यातील मासेही पाहत गेला, आणि पुण्याच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने १८३९ साली स्थानिक बोलीतले ‘खुद्री’ हेच नाव शास्त्रीय नाव म्हणून कायम केले. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांविषयी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. ही कामे मोलाची खरीच. पण अमुक मासा अमुक नदीत आहे एवढीच ग्वाही त्यांतून मिळते. तो विपुल आहे की विरळ, वाढतो आहे की घटतो आहे, त्याची पिले जगतात की नाही, याविषयी यादी मूक असते. आणि जो मासा शंभरांवरून पाचांवर आला तोही यादीत पूर्वीच्याच दिमाखाने विराजमान असतो.

मग नदीपाशी रोज बसणारा, एकाच डोहाकडे तासन्‌तास डोळे लावणारा, पाण्याचा रंग आणि माशाची ओढ यांचा बारकावा पोटाच्या निकडीने नव्हे तर निव्वळ हौसेने जाणणारा असा कोणी साक्षीदार आहे काय, असा प्रश्न केला तर उत्तर एकच येते : गळ टाकून बसणारा हौशी माणूस. आता या साक्षीदाराची लौकिकातील पत फारशी चांगली नाही, हे कबूल केले पाहिजे. निसटलेला मासा प्रत्येक कथनागणिक वितीवितीने लांब होत जातो, आणि रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची स्मृती गळकऱ्याच्या चित्तात टिकत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण आठवणीने दिलेली साक्ष निराळी आणि त्याच सायंकाळी, काट्यावर वजन करून, किती वेळ गळ पाण्यात होता ते नमूद करून वहीत उतरलेली साक्ष निराळी. या दुसऱ्या प्रकारच्या साक्षीचा उपयोग नदीतील माशांची स्थिती ओळखण्यासाठी कसा आणि कितपत करता येतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

यातील मूळ कल्पना महसुली कामकाज पाहिलेल्या माणसाला अपरिचित वाटू नये. पूर्वी गावच्या पिकाची आणेवारी ठरवीत तेव्हा साऱ्या शिवारातील दाणा न्‌ दाणा कोणी मोजीत नसे. ठराविक तुकड्यात किती उतारा पडला ते पाहून उरलेल्या शिवाराचा अंदाज बांधीत, आणि हा अंदाज बरोबर आहे असे कुळालाही वाटत नसे व सरकारलाही वाटत नसे, तरी वर्षांमागून वर्षे एकाच रीतीने काढलेल्या आण्यांची ओळ पुढे मांडली की सुकाळ कोणता आणि दुष्काळ कोणता हे स्पष्ट होई. गळाच्या हिशेबात तुकड्याच्या जागी तास येतो. एका तासाच्या श्रमाला किती मासे लागले हे प्रमाण वर्षानुवर्षे नोंदीत गेले, तर नदीत एकंदर मासे किती या प्रश्नाला उत्तर न देताही ते वाढले की घटले हे सांगता येते. केवळ ‘यंदा शंभर मासे मिळाले’ हे वाक्य निरर्थक आहे; ते शंभर मासे दहा जणांनी आठवड्यात धरले की चाळीस जणांनी तीन महिन्यांत, हे कळल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

पश्चिमेकडे ही दृष्टी जुनी आहे. स्कॉटलंडमध्ये ज्याच्याकडे नदीतील मासेमारीचा हक्क आहे त्याने दरसाल किती सामन धरले ते सरकारात कळवावे असा कायदाच असून, त्या नोंदींची सलग मालिका १९५२ पासून उपलब्ध आहे. इंग्लंडातील ट्रेंट नदीवर गळाच्या चढाओढी भरतात. त्यांच्या निकालपत्रकांचा उपयोग जिंकणाऱ्याला चषक देण्यापलीकडे काही असेल असे कोणाच्या मनात आले नसेल, पण कॉक्स आणि ब्रॉटन या दोघा अभ्यासकांनी १९६९ ते १९८४ या काळातील अशाच नोंदी तपासून नदीतील निरनिराळ्या जातींचे परस्परप्रमाण कसे पालटत गेले ते १९८६ साली मांडून दाखविले. तरी मराठी वाचकासाठी मी जे उदाहरण विस्ताराने घेणार आहे ते कावेरीचे आहे, आणि ते केवळ जवळचे म्हणून नव्हे. त्याची एक मुळी थेट आपल्या लोणावळ्यापर्यंत येऊन पोहोचते म्हणून.

कावेरीतील महसीर या मोठ्या माशाची कीर्ती गळकऱ्यांच्या जगात दीडशे वर्षांची आहे. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून या माशाला सामनच्या पंक्तीस बसविले, किंबहुना त्याच्याही वरचे पान वाढले. १९१९ साली रिव्हेट-कार्नॅक या लष्करी अधिकाऱ्याने कावेरीत ११९ पौंडांचा, आणि १९४६ साली म्हैसूरच्या प्रसिद्ध चर्मपूरक घराण्यातील व्हान इंगेन यांनी काबिनी या तिच्या उपनदीत १२० पौंडांचा मासा गळाने काढला. म्हणजे दोरीच्या एका टोकाला जवळजवळ चोपन्न किलोंचा जीव आणि दुसऱ्या टोकाला माणूस. हा मासा वशिंडाचा आहे : डोक्यामागून पाठ एकदम उंच उठते, अंगावर सोनेरी झळाळी असते आणि परांना नारिंगी छटा. तो नाचणीच्या पिठाच्या गोळ्यावर येतो. पीठ शिजवून, मळून, चेंडूएवढा घट्ट गोळा गळाभोवती थापावयाचा, हरिगोलातून खडकाळ प्रवाहात शिरावयाचे आणि दोरी बोटावर घेऊन बसावयाचे. लहान मासे गोळा टोचू लागले की बोटाला बारीक हादरे कळतात, आणि मोठा मासा आला की हादरे नव्हे, झटकाच बसतो, मग चाकावरची दोरी सुसाट सुटू लागते आणि ती शिळेच्या धारेला घासून तुटेल की काय एवढी एकच चिंता माणसाला उरते.

स्वातंत्र्यानंतर या माशाचा जगाला जणू विसर पडला होता. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस काही इंग्रज तरुणांनी कावेरीत पुन्हा मोठे महसीर धरले आणि परदेशांतील हौशी लोकांची रीघ लागली. भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकळी येथे छावण्या उभ्या राहिल्या. नियम कडक होते : मासा धरावा, वजन करावे, छायाचित्र काढावे आणि जिवंत पाण्यात सोडून द्यावा. पूर्वी सुरुंगाची दारू फेकून मासे मारणारे काही स्थानिक लोक येथे वाटाडे आणि पहारेकरी म्हणून चाकरीस लागले. नदीची इत्थंभूत माहिती असलेला माणूस नदीच्या बाजूने उभा करण्याची ही युक्ती मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची वाटते. छावणीवर एक वही असे. तारीख, पाहुण्याचे नाव, तो किती तास बसला, किती मासे लागले, प्रत्येकाचे वजन काय, आणि पुष्कळदा तो सोनेरी होता की निळसर, एवढेच तिच्यात लिहिले जाई. ती लिहिणाऱ्यांपुढे विज्ञान नव्हते. पाहुण्याच्या पराक्रमाचा दाखला राहावा, एवढाच हेतू असावा.

गालिबोरे येथील १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध केल्या. एकूण २३,६२० तास गळ पाण्यात होता आणि ६,१६१ महसीर लागले. सर्वांत लहान एक पौंडाचा, सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. म्हणजे सरासरीने एका माशामागे पावणेचार तासांहून किंचित अधिक वेळ. आता या आकड्यांचा नुसता गोषवारा घेतला तर चित्र आनंदाचे दिसते, कारण तासामागे लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक चढत गेलेली आहे. सरासरी वजन मात्र उतरत गेले. पण त्याचाही अर्थ शुभच लावता येतो, की लहान मासे वाढत आहेत, वीण चांगली होत आहे, पहाऱ्याचा उपयोग होत आहे. एखाद्या खात्याने वार्षिक अहवालात एवढेच लिहिले असते तर त्याला खोटे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

परंतु वहीत रंगाचा उल्लेख होता. सोनेरी वशिंडवाला आणि निळसर परांचा, असे दोन हिशेब वेगळे काढताच तीच आकडेवारी निराळी भाषा बोलू लागली. वाढ झाली होती ती सारी निळसर माशाची. वशिंडवाला वर्षागणिक कमी लागत होता, आणि जो लागे तो अधिकाधिक वजनाचा. मासा दुर्मीळ होत असताना त्याचे वजन वाढावे ही गोष्ट अडाण्याला समाधानाची वाटेल, पण जाणकाराच्या छातीत धडकी भरविणारी आहे : महसीर दीर्घायुषी आहे, जुने मासे वर्षानुवर्षे जड होत राहतात, आणि लहान वजनाचे रकाने जेव्हा रिते पडू लागतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की नवी पिढी येईनाशी झाली आहे. नोंदीतील ते अवजड मासे वैभवाचे लक्षण नव्हते. ते उरलेले होते.

याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या माशाने थॉमसच्या काळापासून जगभराचे गळकरी कावेरीकडे ओढून आणले त्याला तोपर्यंत नक्की ठरलेले शास्त्रीय नावच नव्हते. २०१८ साली, कावेरीच्या खोऱ्यातील मोयार नदीतून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे, तो टॉर रेमादेवी हाच असल्याचे सिद्ध झाले. हे नाव २००७ साली केरळातील पांबार नदीतील माशांवरून दिले गेले होते. २०१८ साली हे सिद्ध करणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश दहाणूकरही होते. नाव निश्चित झाल्यावर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या तांबड्या यादीत त्याची ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंद झाली. ज्याला नाव नाही त्याला कायद्याचे संरक्षण मागता येत नाही, हा सरकारी दप्तराचा नियम निसर्गालाही लागू पडतो.

आता त्या निळसर माशाविषयी. तो कावेरीचा नव्हे. तो साइक्सने मुळा-मुठेत पाहिलेला खुद्री, आपल्याकडे ज्याला खडशी किंवा खडची म्हणतात, वैतरणेकाठी तिळसे येथे ज्याला देवाचा मासा म्हणून भाविक चणे-कुरमुरे घालतात, तो. गेल्या शतकाच्या मध्यानंतर दख्खनच्या नद्यांतून तो झपाट्याने कमी होत चालला तेव्हा महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात उच्च पद भूषविलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी टाटांच्या वीज कंपन्यांच्या आश्रयाने लोणावळ्याच्या परिसरातील तलावांवर त्याच्या कृत्रिम पैदाशीचे काम हाती घेतले, आणि पुढे एस. एन. ओगले यांनी ते चालविले. कुलकर्ण्यांचा या माशाच्या विणीवरील निबंध १९७१ सालचा आहे. परिपक्व मादीच्या पोटावरून हलक्या हाताने बोटे फिरवून पिवळसर अंडी ताटलीत घ्यावयाची, वर नराचे रेत सोडावयाचे, पक्ष्याच्या पिसाने अलगद मिसळावयाचे आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबवावयाची. एवढेच नव्हे तर फलित अंडी ओल्या कापसात बांधून लांबच्या प्रवासालाही पाठविता येतात हे त्यांनी दाखवून दिले. या कामाची थोरवी मला यत्किंचितही कमी करावयाची नाही. ज्या काळी नदीतील माशाविषयी कोणालाच काही वाटत नव्हते त्या काळी हे गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे राहून अंडी मोजीत होते.

पण लोणावळ्याची बोटुकली देशभर गेली, आणि जेथे गेली तेथे पूर्वीचा रहिवासी कोण हे फारसे कोणी विचारले नाही. महसीर तो महसीर, अशी समजूत होती. कर्नाटकाच्या मत्स्यखात्याकडे ती गेली आणि कावेरीत सोडली गेली ती माशाचे भले व्हावे या शुद्ध हेतूनेच. तेथे ती रुजली, फोफावली, आणि आज खुद्रीची स्थिती एकंदरीने इतकी सुधारलेली आहे की तांबड्या यादीत तो चिंतेच्या वर्गातून बाहेर आला. त्याच सुमारास वशिंडवाला शेवटच्या पायरीवर येऊन उभा राहिला. एकाने दुसऱ्याला हटविले असे मात्र वहीच्या आधाराने सरळ म्हणता येत नाही. वही काय घडले ते सांगते, का घडले ते सांगत नाही. कावेरीवर कृष्णराजसागर आहे, मेट्टूर आहे, वाळूचा उपसा आहे, सुरुंगाची मासेमारी आहे, शहरांचे सांडपाणी आहे. या साऱ्यांत परक्या माशाचा वाटा किती, याचा निवाडा दुसऱ्या पुराव्यावर व्हावयास हवा. साक्षीदाराला न्यायाधीश करण्याचा मोह टाळला पाहिजे.

साक्षीतील इतर दोषही येथेच सांगून टाकतो, कारण उत्साही वाचक ते नेमके विसरतो. गळकरी नदीवर कोठेही बसत नाही. जेथे मासा आहे असे त्याला ठाऊक आहे तेथेच बसतो, आणि मासे कमी झाले तरी उरलेले त्याच दोन-चार उत्तम डोहांत गोळा होत असल्याने त्याच्या तासामागच्या हिशेबात बराच काळ काहीच फरक पडत नाही. मग एके वर्षी एकदम सारे संपते. समुद्रावर न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांच्या बाबतीत अशाच फसव्या स्थिरतेने व्यावसायिक मासेमारीच्या आकड्यांनी तज्ज्ञांना चकविले आणि १९९२ साली मासेमारी बंद करण्याची पाळी आली. आमिष बदलले की मासा बदलतो : नाचणीच्या मोठ्या गोळ्यावर मोठे येतात, चमकत्या धातूच्या तुकड्यावर लहानही झेपावतात, आणि ही फॅशन पाचसात वर्षांत पालटली तर नदी तीच असून वही वेगळे सांगू लागते. सोडलेला मासा दुसऱ्यांदा गळाला लागतो आणि दोनदा मोजला जातो. नवखा आणि मुरलेला यांचे तास सारख्या मोलाचे नसतात. वजने पाचाच्या व दहाच्या आकड्यांवर येऊन बसतात, हे कोणत्याही वहीतील वजनांचा रकाना नुसता चाळला तरी लक्षात येते. यांतील बहुतेक दोषांवर गणिताने थोडाफार उपाय करता येतो, मात्र एका दोषावर कोणताही उपाय नाही, आणि तो म्हणजे न लिहिलेला रिकामा दिवस.

२०१२ नंतर गालिबोरेची वही बंद झाली. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणे ही शिकारच होय असा अर्थ वन्यजीव संरक्षण कायद्याचा लावला गेला आणि छावण्यांवरील हा उद्योग थांबला. गळाने माशाला इजा होते, सोडलेल्यांपैकी काही नंतर मरतात, आणि अभयारण्य हे कोणाच्या करमणुकीसाठी नसावे, हे आक्षेप मी हलके मानीत नाही. तथापि बंदीचा हुकूम काढणाऱ्याने नदीवरील एकमेव खतावणी आपण बंद करीत आहोत, तिच्याबरोबर पहारेकऱ्याचे वेतनही जात आहे, आणि त्या जागी दुसरी कोणतीही मोजणी उभी केलेली नाही, एवढा तरी विचार करावयास हवा होता. वशिंडवाला संकटात आहे हे जगाला कळले ते याच बंद पडलेल्या वहीतून, आणि कळले तेव्हा ती बंद झालेली होती.

आपल्या महाराष्ट्रात गळकऱ्यांची वाण नाही. पवईच्या तलावावर त्यांची संघटना आहे. उजनी, कोयना, भंडारदरा, मुळशी यांच्या काठी सुट्टीच्या दिवशी छत्री, डबा आणि दोन-तीन काठ्या घेऊन बसलेली मंडळी कोणालाही दिसतात. तिलापियासारखे परके मासे आपल्या जलाशयांत कोणत्या वर्षी कोठे पोहोचले, मरळ कोठे उरला, खडशीची बोटभर पिले कोणत्या ओढ्याच्या तोंडाशी दिसतात, हे या मंडळींना ठाऊक असते. फक्त ते कोणी विचारीत नाही आणि तेही लिहीत नाहीत. पुढील प्रकरणांत प्रथम तासामागच्या हिशेबाचे गणित सोप्या रीतीने मांडले आहे, मग खवल्यावरील वलयांवरून वय कसे ओळखावे, मासा ओल्या हातांनी कसा धरावा, पाण्याबाहेर किती थोडा वेळ ठेवावा आणि छायाचित्र कोणत्या बाजूने घ्यावे म्हणजे जात ओळखता येईल, हे सांगितले आहे. अखेरीस नोंदवहीचा एक नमुना जोडलेला आहे. त्यात तारीख, ठिकाण, आमिष, गळ टाकल्याची आणि काढल्याची वेळ हे रकाने आधी येतात आणि माशाचा रकाना सर्वांच्या शेवटी. तो भरण्याजोगे काही नसेल त्या दिवशी तेथे शून्य घालावे आणि वेळेचे रकाने न चुकता भरावेत.